लूर्द ते नव्हेर: चमत्काराच्या दाव्यांमागे सहा दिवस

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, गाव्ह द पो नदीच्या काठी लूर्द वसलंय. १८५८ मध्ये बर्नादेत सूबिरू या गावातल्या मुलीने इथल्या गुहेत मरिया दिसल्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून इथे आजार बरे होतात असे दावे होऊ लागले. वसई, मुंबई आणि गोव्यातून निघणाऱ्या फातिमा-लूर्द सहलींत इथे एक-दोन रात्रींचाच मुक्काम असतो. संध्याकाळची मिरवणूक, सकाळी पाण्याचा विधी, दुकानं, आणि बस पुढे निघते. एवढ्या वेळात दावे कानावर येतात, पण ते तपासायला सवड मिळत नाही. इथे तपासण्यासारखं भरपूर आहे, कारण बरं झाल्याच्या दाव्यांची वैद्यकीय नोंद ठेवणारं असं कार्यालय जगातल्या फार थोड्या तीर्थक्षेत्री असेल. म्हणून लूर्दला चार दिवस द्यावेत आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न सोबत ठेवावा: आधीचा कागद कुठे आहे?

पहिला दिवस: गुहा आणि पाणी

पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून थेट टीजीव्ही या वेगवान रेल्वेने सुमारे पाच तास लागतात. ईस्टर ते ऑक्टोबरअखेर हा यात्रेचा हंगाम. हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात आणि रुग्णांच्या संघटित यात्राही नसतात, त्यामुळे स्वस्तात मिळतं म्हणून जानेवारीत गेलं तर पाहायचं तेच हुकतं. १५ ऑगस्टच्या (मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या) आसपास उलटी अडचण, पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरातले आठवड्याच्या मधले दिवस सर्वांत सोयीचे. स्टेशन वरच्या भागात आणि गुहा खाली नदीकाठी असल्यामुळे सोबत चालता न येणारं कोणी असेल तर हॉटेल खालच्या भागातच घ्यावं.

दुपारी मासाबिएलच्या गुहेकडे जावं. रांग कातळाला लागून आत सरकते. लोकांच्या हातांनी कातळ गुळगुळीत झाला आहे. आत डावीकडे काचेखाली झरा दिसतो. वरच्या कोनाड्यातला मरियेचा संगमरवरी पुतळा १८६४ मध्ये फाबिश या शिल्पकाराने घडवला. आपल्याला दिसली ती अशी नव्हती, असं बर्नादेतचं मत होतं. जुन्या छायाचित्रांत याच गुहेत टांगलेल्या कुबड्यांची रांग दिसते. कुबडी टाकून माणूस चालला, एवढंच ती सांगते. तो आधी का चालत नव्हता आणि वर्षभराने चालत होता का, हे तिच्यावरून कळत नाही. दुखणं, कडकपणा, मनोकायिक पांगळेपणा यांत कुबडी सुटू शकते. कापलेला पाय पुन्हा उगवल्याचं मान्य झालेलं प्रकरण लूर्दच्या यादीत एकही नाही, आणि संशय घेणाऱ्यांचा हा मुद्दा शंभराहून अधिक वर्षं अनुत्तरित आहे.

२५ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नादेतने इथला चिखल हाताने उकरला आणि पाणी लागलं. जिथे चिखल होता तिथे ओल आधीच होती, हे उघड आहे. आजूबाजूचा डोंगर चुनखडीचा आहे आणि अशा डोंगरात भेगांतून पाणी मुरून पायथ्याशी फुटणं नेहमीचंच. त्याच वर्षी तुलूझचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक फिलोल यांनी पाण्याचं पृथक्करण केलं. निष्कर्ष असा, की पाणी नेहमीचं पिण्याचं आहे आणि रोग बरा करील असा कोणताही विशेष घटक त्यात नाही. चर्चनेही हा निष्कर्ष कधी नाकारला नाही. गुहेजवळच्या नळांचं पाणी मंतरलेलं किंवा आशीर्वादित नसतं, ते फुकट असतं, आणि त्यात औषधी गुण असल्याचा दावा तीर्थस्थान स्वतः करत नाही. तो दावा दुकानांत आणि घरी परतल्यावर सुरू होतो.

पाणी घ्यायचं असेल तर बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. निळ्या टोपणाच्या मूर्तीच्या आकाराच्या बाटल्या सामानात हमखास गळतात, कारण टोपण नुसतं दाबून बसवलेलं असतं. आट्यांचं झाकण असलेली बाटली घ्यावी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. उजेडात महिनोन्महिने ठेवलेल्या न उकळलेल्या पाण्यात शेवाळ आणि जंतू वाढतात. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाला असं जुनं पाणी पाजू नये. श्रद्धेने दिलेला घोटही अशा माणसाला जुलाब आणि संसर्ग देऊ शकतो.

पाण्याच्या संदर्भात मुंबईचं एक प्रकरण आठवणं भाग आहे. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या वेलंकणी माता चर्चबाहेरच्या क्रूसावरून पाणी ठिबकू लागलं आणि लोक ते गोळा करू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडमरुकू यांनी पाहणी केली. जवळची सांडपाण्याची वाट तुंबली होती आणि ते पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत होतं. त्यानंतर त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. असा दावा समोर आला की आधी भिंतीच्या मागची बाजू, वरची टाकी आणि खालचं गटार पाहावं. पाणी पिण्याआधी तर नक्कीच.

रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. ती जरूर पाहावी.

दुसरा दिवस: बर्नादेतचं गाव

सकाळी बोली गिरणी, म्हणजे जन्मघर, आणि मग रू दे पती-फोसेवरचा 'काशो'. ही जुन्या तुरुंगाची कोंदट खोली. गिरणी हातची गेल्यावर सूबिरू कुटुंब इथे राहत होतं. खोलीत उभं राहिलं की दोन मिनिटांत अंदाज येतो: चार मीटरच्या आसपास लांबी, अंधार, ओल, आणि त्यात आईबाप व चार मुलं. बर्नादेतला दमा होता, आणि १८५५ च्या साथीत तिला कॉलराही झाला होता.

११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात तिला अठरा वेळा दर्शन झालं, असं चर्च मानतं. ती चौदा वर्षांची होती. पहिल्या दिवशी तिच्यासोबत तिची बहीण आणि एक मैत्रीण होती. त्या दोघींना काहीच दिसलं नाही. ४ मार्चला हजारोंची गर्दी जमली, त्या गर्दीलाही काही दिसलं नाही. गावचे धर्मगुरू पेरामाल यांनी मागणी केली होती, की त्या बाईने आपलं नाव सांगावं आणि गुहेतलं गुलाबाचं झुडूप हिवाळ्यात फुलवून दाखवावं. नाव सांगितलं गेलं, झुडूप फुललं नाही. आधी ठरवून, सर्वांसमोर तपासता येईल असा पुरावा या गोष्टीत फक्त इथे मागितला गेला होता, आणि तो मिळाला नाही. सहलीतला मार्गदर्शक झुडपाबद्दल बोलला नाही तर आपण विचारावं.

श्रद्धाळू लोक बोट ठेवतात ते नावावर. २५ मार्चला 'मी निष्कलंक गर्भसंभव आहे' असं स्थानिक गास्कन बोलीत सांगितलं गेलं. अक्षरशत्रू मुलीला एवढा अवघड धर्मशास्त्रीय शब्द कुठून कळणार? पण मरिया गर्भात आली तेव्हापासूनच पापमुक्त होती हा सिद्धांत पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला होता. त्याचा सण चर्चमध्ये दरवर्षी साजरा होत होता, आणि ती मुलगी त्याच वेळी पहिल्या कम्युनियनसाठी (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या विधीसाठी) धर्मशिक्षणाला जात होती. अर्थ न कळता शब्द कानावर पडलेला असणं यात अशक्य काहीच नाही. ती खोटं बोलत होती, असं मी म्हणत नाही. पोलीस अधिकारी जाकोमे यांनी उलटतपासणी केली तरी तिची हकीकत फारशी बदलली नाही आणि तिने लोकांचे पैसे नाकारले. प्रामाणिक माणसालाही जे नाही ते दिसू शकतं.

त्याच वर्षी एप्रिलपासून लूर्दच्या परिसरात आणखी सुमारे पन्नास जणांना दर्शनं होऊ लागली. चर्चने ती सगळी बाद केली आणि तारबचे बिशप लोरांस यांनी १८ जानेवारी १८६२ रोजी फक्त बर्नादेतची मान्य केली. चर्चची चाळणी खरोखर बारीक आहे. पण तिला कारण न सापडलेलं काय आणि दैवी काय, हे वेगळं करता येत नाही.

तिसरा दिवस: पाण्याचा विधी आणि वैद्यकीय कार्यालय

स्नानगृहांकडे पहाटेच जावं, उशीर झाला की रांगेत तास जातात. कोविडनंतर बहुतेकांसाठी पूर्ण बुडी बंद होऊन 'पाण्याची कृती' आली. सेवक ओंजळीत पाणी ओततात. हात धुवायचे, तोंड धुवायचं, घोटभर प्यायचं. पाणी १२ अंशांच्या आसपास असतं. पूर्वीच्या पूर्ण बुडीत एवढ्या थंड पाण्याने श्वास अडखळे, अॅड्रेनालिन उसळे, दुखणं काही काळ बोथट होई आणि बाहेर आल्यावर ऊब व हुरूप वाटे. हे परिणाम खरे आहेत आणि थोड्या वेळाने ओसरतात. हृदयविकार असलेल्यांनी बुडीचा आग्रह धरू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.

नंतर वैद्यकीय कार्यालय. १८८३ मध्ये डॉ. द्यूनो द सँ-माक्लू यांनी ते सुरू केलं. लूर्दला आलेला कोणताही डॉक्टर, मग त्याचा धर्म कोणता का असेना किंवा नसेना, इथे नाव नोंदवू शकतो. गटात डॉक्टर असतील तर त्यांनी आपलं नोंदणी प्रमाणपत्र सोबत न्यावं.

कामाची रीत अशी. बरं झालेला माणूस स्वतः येऊन सांगतो. कार्यालयाचे डॉक्टर त्याचे आधीचे आणि नंतरचे कागद मागवतात: तपासण्या, क्ष-किरण, बायोप्सी, औषधांच्या नोंदी. बहुतेक दावे इथेच अडतात, कारण आधीचं निदान पक्कं नसतं किंवा उपचार चालू असतात. टिकलेला माणूस वर्षानुवर्षं फेरतपासणीला येतो. मग प्रकरण आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समितीकडे जातं. समिती 'चमत्कार' म्हणत नाही. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने या बरं होण्याचं कारण सांगता येत नाही, एवढंच म्हणते. चमत्कार जाहीर करतो तो त्या माणसाच्या स्वतःच्या धर्मप्रांताचा बिशप. म्हणजे 'डॉक्टरांनी चमत्कार सिद्ध केला' हे वाक्य लूर्दच्या स्वतःच्या नियमांनुसारही चूक आहे.

कसोट्या अठराव्या शतकातल्या, लांबर्तिनी यांच्या (तेच पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले). आजार गंभीर हवा, आपोआप उतरणीला लागलेला नको. औषध दिलेलं नको किंवा ते निरुपयोगी ठरलेलं हवं. बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं. औषधाची अट आज सर्वांत अडचणीची. गंभीर आजाराचा माणूस उपचाराशिवाय सहसा नसतोच, आणि उपचार चालू असतील तर श्रेय कोणाचं हे वेगळं काढता येत नाही.

बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, त्यांतले ७२ मान्य झाले. आकड्यापेक्षा त्या आकड्याच्या तारखा पाहाव्यात. १८६२ मध्ये सात. पुढे पंचेचाळीस वर्षं एकही नाही. मग १९०७ ते १९१३ या सहा-सात वर्षांत तेहतीस. पुन्हा १९४६ पर्यंत शून्य. १९४६ ते १९६५ मध्ये बावीस. त्यानंतरच्या साठ वर्षांत दहा. यात्रेकरू तर या सगळ्या काळात येतच होते, रोगही होते. चढउतार झाला तो मान्यता देणाऱ्यांच्या उत्साहात. तेहतीस मान्यतांच्या आधीच, डिसेंबर १९०५ मध्ये, फ्रान्सने धर्म आणि राज्य वेगळं करणारा कायदा केला होता आणि चर्च बचावाच्या पवित्र्यात होतं. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं माझं मत आहे. दुसरं, सुरुवातीच्या दशकांतल्या प्रकरणांत क्षयाचा भरणा मोठा आहे. हा आजार तेव्हा बऱ्याचदा लक्षणांवरून ठरवला जाई आणि त्यात आपोआप उतार पडणंही माहीत होतं. तिसरं, मान्य झालेले सगळे युरोपातले आणि बहुतेक फ्रेंच. भारतातून, आफ्रिकेतून, लॅटिन अमेरिकेतून इतके लोक येतात, पण यादीत त्यांच्यापैकी एकही नाही. ज्यांच्या देशात कागद नीट ठेवले जातात आणि ज्यांचे बिशप पाठपुरावा करू शकतात, त्यांचीच प्रकरणं शेवटाला जातात.

कार्यालयात पीटर द रूडर या बेल्जियन मजुराच्या पायाच्या हाडांची ब्रॉन्झ प्रतिकृती आहे. १८६७ मध्ये पाय मोडला, १८७५ मध्ये घेंटजवळच्या ऊस्ताकरमधल्या लूर्दच्या प्रतिकृती-गुहेपाशी तो क्षणात जुळला, १९०८ मध्ये मान्यता, असा दावा आहे. हाड पाहून एवढंच कळतं, की ते मोडलं होतं आणि नंतर जुळलं. कधी जुळलं हे हाड सांगत नाही. त्यासाठी यात्रेच्या आदल्या दिवसांतली तपासणी हवी, आणि मुख्य चौकशी तर १८९० च्या दशकात झाली.

दुसरं टोक जॅक ट्रेनर यांचं. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले हे ब्रिटिश सैनिक १९२३ मध्ये इथे बरे झाले असं म्हणतात. लिव्हरपूलच्या आर्चबिशपांनी मान्यता दिली ८ डिसेंबर २०२४ रोजी. एकशे एक वर्षांनी रुग्णाला तपासता येत नाही, वाचता येतात ते त्या काळचे डॉक्टरी शेरे.

संशयवाद्यांना सर्वांत जड जातं ते व्हित्तोरियो मिकेली या इटालियन सैनिकाचं १९६३ चं प्रकरण, आणि ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ओटीपोटाच्या हाडाचा सार्कोमा (कर्करोगाची गाठ), लष्करी रुग्णालयाच्या नोंदी, आधी पोखरलेलं हाड आणि नंतर भरत गेलेलं हाड दाखवणारे क्ष-किरण. इथे आधीचा कागद आहे. पण हाड भरल्याचं दिसतं ते महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांत. गाठ आपोआप विरघळणं अतिदुर्मीळ असलं तरी वैद्यकाला अनोळखी नाही. याचं कारण मला सांगता येत नाही, आणि कारण सांगता न येणं म्हणजे दैवी हस्तक्षेपाचा पुरावा नव्हे.

समितीने नाकारलेलं प्रकरणही तितकंच बोलकं आहे. १९०२ मध्ये अलेक्सी कारेल या डॉक्टरांनी (१९१२ चं नोबेल यांनाच) मारी बायी या क्षयरुग्ण मुलीचं फुगलेलं पोट डोळ्यांदेखत उतरताना पाहिलं. १९६४ मध्ये समितीने ते चमत्कार म्हणून स्वीकारलं नाही, कारण मानसिक कारणाने पोट फुगण्याची शक्यता पुरेशी तपासली गेली नव्हती. निष्णात डॉक्टर समोर उभा असणंही पुरत नाही, हे लूर्दनेच मान्य केलं आहे.

चौथा दिवस: रुग्ण

संध्याकाळी पाचची मिरवणूक पाहावी. निळ्या तीनचाकी गाड्यांतून रुग्ण पुढे, त्यांच्या रस्त्यावर लाल पट्टे आखलेले. शेवट जमिनीखालच्या दहाव्या पायसच्या बॅसिलिकात, जिथे पंचवीस हजार माणसं मावतात. रुग्णांचे फोटो काढू नयेत.

घरी ज्याच्यामुळे अडचण होते तो माणूस इथे चार दिवस सर्वांच्या पुढे असतो. अनोळखी स्वयंसेवक त्याला भरवतात, कपडे बदलतात, त्याचं ऐकून घेतात. वेदना, झोप, भूक, मनाची उभारी यांवर याचा परिणाम होतोच. शिवाय माणूस यात्रेला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर थोडा उतार पडणं स्वाभाविक असतं आणि श्रेय यात्रेला जातं. सहा महिन्यांनी पुन्हा बळावलं तर ते सांगायला कोणी परत लूर्दला येत नाही.

लूर्दमध्ये कोणी औषध बंद करायला सांगत नाही, उलट रुग्ण डॉक्टर-परिचारिकांसह येतात. प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या आपल्याकडच्या काही मेळाव्यांत हे भान राहत नाही. 'विश्वास असेल तर गोळी कशाला' असं म्हणत इन्सुलिन थांबवलं, तर पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा रुग्ण काही दिवसांत कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतणाऱ्या अवस्थेत जातो. क्षयाची औषधं मध्येच सोडली की औषधांना न जुमानणारा क्षय होऊ शकतो आणि तो घरातल्यांनाही लागू शकतो. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर लागोपाठ फिट येऊन जीव जाऊ शकतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखणं हा गुन्हा आहे. मेळाव्यातल्या साक्षीदाराला आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट मागावा, आणि मध्ये कोणती औषधं चालू होती ते विचारावं. मदर तेरेसांच्या नावे मान्य झालेल्या बंगालमधल्या पहिल्या चमत्कारातही वाद याच मुद्द्यावर झाला: उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ती गाठ क्षयाची होती आणि औषधांनी गेली असं सांगितलं.

पाचवा दिवस

लूर्द ते पॅरिस परतीचा प्रवास. मुक्काम बेर्सी स्थानकाजवळ ठेवावा, कारण पुढची गाडी तिथूनच सुटते.

सहावा दिवस: नव्हेर

बेर्सीहून नव्हेर दोन तासांच्या आसपास. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. बर्नादेत पुढे जिथे जोगीण म्हणून राहिली त्या सँ-जिल्दार मठाच्या चॅपेलमध्ये काचेच्या पेटीत तिचं शरीर आहे. ज्या झऱ्याने इतरांना बरं केलं म्हणतात, तो उकरणारी ही मुलगी दमा आणि गुडघ्याच्या हाडाच्या क्षयाने १६ एप्रिल १८७९ रोजी, पस्तिसाव्या वर्षी गेली.

'न कुजलेलं शरीर' म्हणून लोक जो तजेलदार चेहरा पाहतात, तो मेणाचा आहे. चेहरा आणि हात दोन्हींवर मेणाचे पातळ मुखवटे आहेत. ते पॅरिसमध्ये पुतळे बनवणाऱ्या पिएर इमांस यांच्याकडून करवून घेतले. शवपेटी १९०९, १९१९ आणि १९२५ अशी तीनदा उघडली. पहिल्या वेळी मठातल्या बायकांनी शरीर धुऊन पुन्हा ठेवलं. १९१९ मध्ये त्वचेवर बुरशी आणि क्षारांचे थर आढळले, काही ठिकाणी त्वचा गेली होती. शेवटच्या वेळी अवशेष म्हणून बरगड्यांचे तुकडे काढले. आत सुकलेलं शरीर आहे, आणि बंद पेटीत हवा-ओल बेताची असेल तर शरीर असं सुकून टिकतं. मठ मेणाची गोष्ट लपवत नाही. इंटरनेटवर फिरणाऱ्या फोटोंखाली मात्र ती सहसा नसते.

गोव्याच्या वाचकांना इथे जुन्या गोव्यातलं बॉम जेझू आठवेल. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, मग मलाक्कामार्गे त्यांचं शरीर १५५४ मध्ये गोव्यात आलं, आणि १६१४ मध्ये उजवा हात तोडून रोमला पाठवला. तिथे चेहऱ्यावर मेण नाही. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळातल्या प्रदर्शनात ज्यांनी रांगेत उभं राहून पाहिलं, त्यांना काळवंडलेले, सुकलेले अवशेषच दिसले. नव्हेरच्या पेटीपाशी उभं राहताना ते चित्र मनात असू द्यावं; मेणाखाली काय आहे याचा अंदाज त्यावरून बराचसा बरोबर येतो.